बारावीनंतर पर्यावरणशास्त्र की भूगर्भशास्त्र? जाणकारांनी कृपया सांगावे

खाडीकाठी

नमस्कार मंडळी,

मुलीचा बारावीचा निकाल लागला. सायन्स, गणित आणि बायो दोन्ही घेतलं होतं. मार्क पेढे वाटण्याइतके आहेत, क्लासच्या बॅनरवर फोटो लागण्याइतके नाहीत. इंजिनीअरिंग नको, मेडिकल नको, हे तिचं दहावीपासून पक्कं. "पृथ्वी, पाणी, पर्यावरण यातलंच काहीतरी करणार" म्हणते. आम्ही दोघंही कॉमर्सवाले. कॉलेजात ईव्हीएसचं जर्नल मित्राचं बघून उतरवलं होतं, या विषयाशी आमचा संबंध तेवढाच.

तर पदवीलाच पर्यावरणशास्त्र घ्यावं, की भूगर्भशास्त्र, की केमिस्ट्री-बॉटनी करून एम.एस्सी.ला इकडे वळावं? आम्ही ऐरोलीत राहतो. रोज सीएसएमटीपर्यंतचा प्रवास चालेल, पुण्याला होस्टेलही चालेल (आईला नाही चालणार, पण ते मी बघतो). आणि पुढे पोटापाण्याचं काय? मेव्हणे म्हणाले, "पोरीला दगड फोडायला पाठवताय का?" त्यांना काय उत्तर द्यायचं तेही सांगा.

चहाटळ

दगडच फोडायचे तर पारसिकच्या खाणी ऐरोलीहून जवळ. पुण्याला कशाला?

डोंबिवलीकर७

सिव्हिल घ्या आणि एम.टेक.ला एन्व्हायर्नमेंट करा. साध्या बी.एस्सी. पर्यावरणावर कोण उभं करत नाही. शेवटी कुठल्यातरी शाळेत पाच जूनला वृक्षारोपणाचं भाषण. कटू आहे, पण खरं आहे.

सुगंधा_तुर्भे

@डोंबिवलीकर७, तुमच्याच एमआयडीसीतून नमुने गोळा करून माझं घर चालतं, तेव्हा जरा दमानं.

मी टीटीसी पट्ट्यात (ठाणे-बेलापूरचा औद्योगिक भाग) एका चाचणी प्रयोगशाळेत आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री, मग एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र. काम काय असतं ते सांगते, म्हणजे मुलीला अंदाज येईल. कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने घ्यायचे. चिमणीच्या धुराचा नमुना घ्यायचा तर किट खांद्याला लावून शिडीनं वर चढायचं. हवेच्या यंत्रातला फिल्टर पेपर आधी वजन करून लावायचा, काढल्यावर पुन्हा वजन करायचं. जो फरक येईल ती धूळ. बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्या चाचणीची) बाटली आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. म्हणजे शुक्रवारी लावली की सोमवारी वाचायची, बुधवारी लावली तर शनिवारची सुट्टी गेली. आमच्या लॅबमध्ये कोण कुठल्या वारी लग्नाला जाणार हे त्या बाटल्या ठरवतात.

सुरुवातीचा पगार सांगण्यासारखा नसतो. चार-पाच वर्षांत हात बसला की बरा होतो. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या पर्यावरण पदवीधरांना कायदे तोंडपाठ असतात, १९७४चा पाण्याचा, १९८१चा हवेचा, १९८६चा पर्यावरण संरक्षणाचा, सगळे सालांसकट. पण ब्युरेट (थेंब थेंब मोजायची काचनळी) हातात दिली की शेवटच्या थेंबाला गडबडतात. त्यामुळे माझं मत, पदवीला केमिस्ट्री. पर्यावरण नंतर.

नाना_चेंदणी

आमच्या वेळी पर्यावरण नावाचा विषयच नव्हता, पर्यावरण मात्र होतं. ठाण्यात साठेक तलाव होते म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास उरलेत. उरलेल्यांच्या काठावर पावभाजी.

बाकी एक मान्य करायला हवं. गणपती विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करायला ठाण्यानं फार लवकर सुरुवात केली. तेव्हा आम्हीच नावं ठेवत होतो, आता रांग लावतो.

चहाटळ

नाना, पावभाजीच्या तव्याचीही बीओडी काढून घ्या सुगंधाताईंकडून.

मेघना_प

मी पर्यावरण सल्लागार आहे, कार्यालय ठाण्यात, फिरती महाराष्ट्रभर. सुगंधाताईंशी अर्धी सहमत.

२००६च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठीचा आघात अहवाल (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल तो) नॅबेट या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या संस्थाच करू शकतात. त्या संस्थेत हवा, पाणी, आवाज, जैवविविधता, भूजल, भूगर्भ, जमीन वापर अशा एकेका क्षेत्राचा तज्ज्ञ कागदोपत्री दाखवावा लागतो. गंमत अशी की "पर्यावरण" या नावाचं क्षेत्र त्या यादीत नाही. तुम्ही कशातले तरी असावे लागता. एम.एस्सी. पर्यावरण केलेली मुलं हवा-पाण्यात बसतात आणि त्यांची गर्दी आहे. भूजलाचा माणूस शोधायला मात्र आम्हाला फोनवर फोन करावे लागतात.

या धंद्याची दुसरी बाजूही सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत (कंपनीचं नाव नको) रायगडच्या एका प्रकल्पाच्या अहवालात वनस्पतींच्या यादीत चक्क मरुभूमीतली झुडपं होती. आधीच्या राजस्थानच्या अहवालातून उचललेली. मी वरिष्ठांना दाखवलं, तर "ज्याला वाचायचंय तो पान ४०च्या पुढे जात नाही" असं उत्तर. सहा महिन्यांत मी ती नोकरी सोडली. मुलीला आवडतंय म्हणून या क्षेत्रात येऊ द्या, पण इथे सगळे झाडांवर प्रेम करणारे भेटतात अशा समजुतीत येऊ देऊ नका.

सध्या आणखी एक दार उघडलंय. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. बीकेसी, ऐरोलीतल्या आयटी पार्कांत त्याची बरीच भरती चालते. एसीत बसून एक्सेल. ज्यांना चिखल नको त्यांच्यासाठी.

डोंबिवलीकर७

बघा, मेघनाताईंनी माझाच मुद्दा मांडला. नुसतं पर्यावरण म्हणजे कशातलेच नाही.

मेघना_प

मी "कशातले तरी असा" म्हटलं. "सिव्हिल घ्या" नाही म्हटलं. :)

निनावी_नेरूळ

स्पर्धा परीक्षांच्या बाजूनं थोडं. ही माहिती पालकांना फार उशिरा कळते म्हणून सविस्तर लिहितो.

यूपीएससीची भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण (स्थापना १८५१, त्यांच्या मध्य विभागाचं मुख्यालय आपल्या नागपुरात) आणि केंद्रीय भूजल मंडळ इथली पदं त्यातून भरतात. पात्रता भूगर्भशास्त्र किंवा त्याच्या जवळच्या ठराविक शाखांतली पदव्युत्तर पदवी. नुसतं पर्यावरणशास्त्र घेऊन जिऑलॉजिस्टच्या पदाला बसता येत नाही.

आता भारतीय वनसेवा. कुणालाही वाटेल की पर्यावरणवाल्यांसाठी ही घरची परीक्षा. पात्रतेच्या यादीत पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी निदान एक विषय पदवीला हवा, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा इंजिनीअरिंगची पदवी. पर्यावरणशास्त्र त्या यादीत नाही! म्हणजे पदवीला पर्यावरण घेतलंच, तर जोडीला यातला एक विषय नीट गुणपत्रिकेवर दिसेल असा घ्यावा. नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेतही भूगर्भशास्त्र आणि भूगोल वैकल्पिक आहेत, पर्यावरण नाही.

उलट बाजूही सांगतो. नेटमध्ये (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पर्यावरणशास्त्र आहे आणि २०२१पासून गेटमध्येही (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) पर्यावरणाचा वेगळा पेपर आहे. तेव्हा दारं बंद नाहीत, पण कोणतं दार कोणत्या किल्लीनं उघडतं ते पदवीच्या आधी बघा.

खाडीकाठी

वनसेवेची गोष्ट ऐकून धक्काच बसला. सर्वांचे आभार, वाचतोय.

रेवती७८

वरचं सगळं ठीक आहे, पण मुलगी आहे. डोंगरात, खाणीत, एकटीनं फिरायचं काम. पालक म्हणून मला तरी झोप लागणार नाही. लॅबवालं काहीतरी बघा.

क्लिनोमीटर_ताई

रेवतीताई, तुमची काळजी समजते, पण मी वीस वर्षं डोंगरातच आहे आणि माझ्या आईला आता छान झोप लागते.

एकटीनं कुणीच फिरत नाही, पुरुषही नाही. गट असतो, गाडी असते, गावातला एखादा वाटाड्या असतो. कॉलेजच्या फील्डला तर सर-मॅडम सोबत असतात. खरी अडचण वेगळीच. दिवसभर आडोसा नसतो, म्हणून मुली पाणी कमी पितात आणि आजारी पडतात. हे पहिल्याच फील्डला सिनियर मुलींना विचारून घ्यावं, लाजू नये. दुसरं म्हणजे मुक्कामाच्या गावात "मॅडम, साहेब कधी येणार?" असं विचारतात. "मीच साहेब" हे हसून सांगायची सवय होते.

खाणींचं म्हणाल तर भूमिगत खाणीत स्त्रियांना काम करायला बंदी होती, पण २०१९मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी दिवसपाळीत परवानगी मिळाली.

खाडीकाठी

मी ऐरोलीचीच मुलगी, बाबांच्या आयडीवरून लिहितेय. परवानगी अर्धी मिळालीय.

बाबांनी "पर्यावरण" लिहिलं म्हणून सगळ्यांना वाटलं असेल मला फ्लेमिंगो वगैरे आवडतात. आवडतात, पण कारण ते नाही. आईचं माहेर शहापूर तालुक्यात आहे. पावसाळ्यात तिथे दोन हाताच्या अंतरावरचं दिसत नाही इतका पडतो, आणि एप्रिलमध्ये पाड्यावर टँकर येतो. तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा, सगळ्या मुंबईचं पाणी. मामाच्या शेजाऱ्यांनी बोअर मारली, धूळ निघाली. पन्नास फुटांवर दुसऱ्याच्या बोअरला पाणी लागलं. गावात नारळ घेऊन फिरणारे एक आजोबा आहेत, ते सांगतात पाणी कुठे आहे ते. मला नारळ सोडून दुसरी कुठली पद्धत आहे ते शिकायचंय. हे कशात येतं? भूगर्भशास्त्रात गणित किती असतं? आणि जीवाश्मांची नावं पाठ करावी लागतात का?

कातळवेडा

आता धाग्यात जीव आला. हे भूजलशास्त्र, आणि ते भूगर्भशास्त्राच्या घरातलं. ज़रा लांबण लावतो.

शहापूरच्या खाली काय आहे? बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यांचाच सह्याद्री. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, त्यात पाण्याला जागा नाही. वरचा भाग आंबोळीसारखा जाळीदार, कारण लाव्हातले वायू वर येताना बुडबुड्यांची भोकं राहिली. हा भाग झिजलेला असेल, भोकं एकमेकांना जोडलेली असतील, तर पाणी मुरतं आणि साठतं. कित्येकदा ही भोकं पुढे खनिजांनी भरून जातात, मग दिसायला जाळीदार पण पाणी शून्य. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेसारखा लाल पट्टा असतो, घाटातून जाताना रस्त्याच्या कापात तो दिसतो. तो चिकण असला की पाणी त्याच्यावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. शिवाय भेगांचा खेळ. तुझ्या मामाच्या शेजाऱ्यांची बोअर घट्ट भागात गेली, पन्नास फुटांवरच्याची भेगेत. नारळवाल्या आजोबांना गावातले ओढे, उंबर, जुन्या विहिरी यांची माहिती असते. त्यांचे अंदाज बरोबर येतात त्याचं श्रेय नारळाला देऊ नकोस.

मग इतका पाऊस जातो कुठे? माती पातळ, उतार तीव्र, साठवायची जागा थोडी. जुलैत ती जागा भरते, पुढचा पाऊस वरून वाहून जातो. दिवाळीपासून साठलेलंही ओढ्यांतून झिरपत निघून जातं. धरणं खाली दरीत, पाडे वर, आणि धरणाचं पाणी शहरांकडे. यातला शेवटचा भाग भूगर्भशास्त्रात येत नाही, तो राजकारणात येतो.

नारळाऐवजी काय? आधी विहिरींची नोंद: किती खोल, कोणत्या थरात, मेमध्ये पाणी कुठे, ऑक्टोबरमध्ये कुठे. मग नकाशावर थर आणि भेगा. उपग्रहाच्या चित्रात सरळ रेषेत जाणारे ओढे दिसले की संशय घ्यायचा. मग जमिनीत वीज सोडून रोध मोजायचा, कोरडा कातळ आणि ओला मुरूम यांचे आकडे वेगळे येतात. तरीही बोअर कोरडी जाऊ शकते, हे गावकऱ्यांना आधी सांगायचं. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेच काम करते. पुण्यात अ‍ॅक्वाडॅम नावाची संस्था आहे, गावपातळीवरच्या भूजलात त्यांचं नाव आहे. त्यांचं साहित्य बघ.

गणित: बारावीचं सोडू नकोस एवढंच सांगतो. साध्या जिऑलॉजीत ते बेताचं लागतं, पण भूजलाच्या प्रवाहात किंवा भूभौतिकीत (पृथ्वीच्या पोटातलं भौतिकशास्त्र) शिरलीस तर रोज लागेल. जीवाश्मांची नावं पाठ करावी लागतात, हो. आणि विसरलीही जातात.

मी स्वतः पाण्यात नाही, बोगद्यात आहे. आपल्याच भागात सध्या काय चाललंय बघा. बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखालून. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा नॅशनल पार्कच्या पोटातून. अशा कामांत आधी ठिकठिकाणी भोकं पाडून कातळाचे दंडगोल काढतात आणि लांब पेट्यांत ओळीनं रचून ठेवतात. आम्ही टेप घेऊन उकिडवे बसतो आणि दहा सेंटीमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज करतो. एकूण लांबीशी त्याचं प्रमाण काढलं की कातळ किती धड आहे ते समजतं. सुरुंग लावून खोदत असतील तर प्रत्येक स्फोटानंतर समोरच्या भिंतीचं चित्र काढायचं: भेगा कुठल्या दिशेच्या, पाणी कुठून पाझरतंय. त्यावरून किती बोल्ट ठोकायचे ते ठरतं. वेळ थोडा मिळतो, कारण मागे काँक्रीट फवारणारे घड्याळ बघत उभे असतात. कंत्राटी नोकरी, पाळ्या, धूळ. पण कंटाळा नाही.

मेव्हण्यांना सांगा, दगड फोडत नाही, दगड वाचतो. (फोडतोही. हातोड्याशिवाय ताजा पृष्ठभाग दिसत नाही.)

पनवेलकर

कातळवेडा, वाचनखूण साठवली.

भूभौतिकीचं नाव निघालंच आहे तर, भारतीय भूचुंबकत्व संस्था आमच्या नवीन पनवेलला आहे, हे इथल्या लोकांनाही माहीत नसतं. तिची मुळं कुलाब्याच्या वेधशाळेत. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, त्यांच्या प्रवाहानं चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून १९०४च्या सुमारास अलिबागला नवी वेधशाळा उभारली. ट्राम केव्हाच गेल्या, अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.

नाना_चेंदणी

ट्राममध्ये मी बसलोय. चुंबकाचं काही जाणवलं नाही बुवा.

सीवूड्सची_सखी

फ्लेमिंगोचा उल्लेख ओझरता झाला म्हणून. ठाणे खाडीतलं अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं, २०२२मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेलं. आणि तरी नेरूळच्या तळ्यांत भरतीचं पाणी येऊ द्यायचं की नाही यावर भांडणं चालूच आहेत. मुलीनं या बाजूलाही बघावं. ऐरोलीलाच वनखात्याचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, घराच्या दारात.

डोंबिवलीकर७

सांडपाण्यामुळे शेवाळ वाढतं म्हणून फ्लेमिंगो येतात असं अभ्यासकच म्हणतात ना? मग आम्ही डोंबिवलीकरांनी खाडीला केलेली मदत कुणी मोजतं का?

सीवूड्सची_सखी

२०१४मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला होता, तीही मदतच का?

चहाटळ

दोघांनाही पॉपकॉर्न. धागा मुलीच्या ॲडमिशनचा आहे याची नोंद घ्यावी.

पुणेरी_पाटी

पुण्यात या मुलीला हवं ते सगळं आहे. फर्ग्युसनला भूगर्भशास्त्राचा जुना विभाग, भूजलाची माणसं इथेच, भूजल यंत्रणेचं मुख्यालय इथेच, पाषाणला उष्णदेशीय हवामानाची संस्था, आणि आयसरमध्ये पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा विभाग. आयसरसाठी त्यांची स्वतःची परीक्षा असते, पाच वर्षांचा बीएस-एमएस. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेल्यांना ती बरी पडते, कारण चारही विषयांचे प्रश्न असतात. फक्त अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावे लागतात.

आईला सांगा, होस्टेलवर दुपारी एक ते चार कुणी त्रास देत नाही.

अनुजा_म

मी पदवी महाविद्यालयात शिकवते (कुठे ते राहू द्या). निर्णयाकडे वळूया.

मुंबईत भूगर्भशास्त्र पदवीला हवं असेल तर झेवियर्सचा विभाग आहे. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून सीएसएमटी, पुढे चालत. प्रॅक्टिकलच्या दिवशी दमणूक होईल, पण मुली करतात. पर्यावरणशास्त्राची पदवी ठाणे-नवी मुंबईत कुठल्या कॉलेजात चालू आहे हे विद्यापीठाच्या या वर्षीच्या यादीतच बघा. तुकड्या चालू-बंद होतात, दोन वर्षांपूर्वीच्या माहितीवर जाऊ नका. आणि मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी आधी करा. दरवर्षी कुणीतरी ती विसरतं आणि मग रडारड.

सुगंधाताईंचं केमिस्ट्रीबद्दलचं म्हणणं लॅबपुरतं शंभर टक्के बरोबर. पण या मुलीचा प्रश्न बाटलीतल्या पाण्याचा नाही, कातळातल्या पाण्याचा आहे. म्हणून माझं मत भूगर्भशास्त्र मुख्य, आणि नव्या शैक्षणिक धोरणात जो दुय्यम विषय घेता येतो तो रसायनशास्त्र. पाण्यातलं फ्लोराइड, नायट्रेट, क्षार समजायला तेच लागतं. शिवाय निनावींनी दिलेल्या यादीत दोन्ही बसतात. तीन वर्षांनी बाहेर पडायचं की चौथं ऑनर्सचं वर्ष करायचं ते आत्ता ठरवू नका. एम.एस्सी. मात्र धरूनच चाला. या विषयात नुसत्या पदवीवर जिऑलॉजिस्टची जागा मिळणं अवघड. आयआयटींची एम.एस्सी. जॅम या प्रवेश परीक्षेतून मिळते, त्यात भूगर्भशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो.

कॉलेज निवडताना वेबसाइटवरची इमारत बघू नका. विभागात जाऊन दोन गोष्टी विचारा: वर्षाला फील्डवर किती दिवस नेता, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ चकत्या प्रत्येक मुलाच्या हातात येतात की सर लांबून दाखवतात? उत्तर देताना माणूस अडखळला की समजून घ्या.

डोंबिवलीकर७

अनुजाताईंचा प्रतिसाद पटला. तरी सिव्हिलला कॅम्पस असतो, हे मी म्हणतच राहणार.

क्लिनोमीटर_ताई

म्हणा. तुमच्या सिव्हिलवाल्यांनी उतार कापला की दुसऱ्या पावसाळ्यात आम्हालाच बोलावतात.

मुलीला एक: क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सुट्टीतच उतरवून घे. मामाच्या गावातल्या विहिरी मोबाईलवर टिपून त्यावर टाक. इस्रोची डेहराडूनची संस्था दूरसंवेदनाचे ऑनलाइन अभ्यासक्रमही फुकट चालवते. आणि कधी नाशिककडे गेलीस तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघ. बेसाल्टच्या भोकांत भरलेली खनिजं म्हणजे काय ते तिथे दिसेल, विहिरीवाल्यांना ज्यांचा राग येतो तीच.

मेघना_प

क्यूजीआयएसला +१. मुलाखतीत मी हटकून विचारते.

खाडीकाठी

बाबा लिहितोय. काल विद्यापीठाची नोंदणी झाली. झेवियर्सचा फॉर्म भरला, फर्ग्युसनचाही भरतोय. आयसर या वर्षी गेलं. पहिली पसंती कुठली यावर घरात अजून मतदान चालू आहे, आई मुंबईच्या बाजूनं, मुलगी पुण्याच्या. सुगंधाताई, तिला एकदा तुमची लॅब बघता येईल का? केमिस्ट्री दुय्यम घ्यायचं तर आधी डोळ्यांनी बघू दे.

सुगंधा_तुर्भे

सोमवारी सकाळी आणा, बाटल्या वाचायच्या असतात. पूर्ण बूट घालून येऊ दे, चपला चालत नाहीत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

नाना_चेंदणी

अहो कातळवेडा, जाता जाता. आमच्या सोसायटीची बोअर मार्चपासून धाप टाकतेय. सेक्रेटरी म्हणतो अजून शंभर फूट खाली जाऊ. जावं का?

कातळवेडा

नाना, खाली गेलात की घट्ट कातळच लागण्याची शक्यता जास्त, पैसे मात्र फुटावर जातील. जुनी बोअर मारताना कुठल्या फुटाला पाणी लागलं होतं, त्याची कंत्राटदाराकडे काही नोंद असेल तर शोधा. आणि गच्चीचं पावसाचं पाणी सध्या कुठल्या पाइपनं कुठल्या गटारात जातं तेवढं बघून ठेवा. रविवारी येतो.